कढईचा तळ

मी कापड रंगवायची एक जुनी तांब्याची कढई आहे. त्या सकाळीही रंगारीबाबांनी मला नदीच्या पाण्याने भरलं, वाकून तळाशी पाहिलं आणि शहरातल्या मुलीला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येई, फोनचा आवाज मोठा ठेवलेला असे, म्हणून तिचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"पाणी कसं येतंय गं?"

"बरं येतंय, बाबा. कामात आहे, नंतर बोलते."

हे रोजचंच होतं.

मित्रांनो, मला एका तांबटाने ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीच्या खुणा माझ्या तळाशी आहेत. पण भट्टीवर चढले, तेव्हापासून त्या कुणाला दिसल्या नव्हत्या. माझ्यात सतत निळा नाहीतर तांबडा रंग उकळत असे. बाबांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत. असा पक्का रंग दुसरीकडे मिळत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. उरलेलं पाणी मात्र नदीत जाई आणि नदीतून खालच्या शहरात. मुलगी तिथे शिकायला गेली, तेव्हा वसतिगृहाच्या नळाला तांबूस पाणी आलं. हे कुठून येतं, असं मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा तिने माहीत नसल्याचं सांगितलं. सुट्टीत घरी येऊन तिने माझ्यासमोरच बाबांना ते सांगितलं, आणि त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत.

पुढे शहराने वरच्या गावांशी करार केला. नदी स्वच्छ ठेवा, बुडालेल्या धंद्याची भरपाई आम्ही देऊ. बाबांनी सगळ्यांआधी भट्टी विझवली. भरपाई वेळेवर येई. समोरचा न्हावी चिडवायचा, "काय रंगारी, हात पांढरे पडले की!"

"काही न करण्याचा पगार आहे," बाबा हसून म्हणत. "फार अवघड नोकरी."

मग दार लोटून ते माझ्याजवळ येऊन बसत. रोज मला भरत. तळाच्या खुणा पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा त्यांनी पाण्यात हात घालून त्यांवरून बोट फिरवलं. "तळ दिसतोय," ते म्हणाले. ऐकायला मीच होते.

मित्रांनो, नळ सोडाल तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला कुणाची तरी भट्टी विझली आहे, हे आठवा. भरपाई त्यांच्यापर्यंत पोचते. पाणी कसं येतंय, याचा निरोपही कधी पोचवा.

सुरुवातीला सांगितला, त्या फोननंतरच्या सकाळी बाबा उठले नाहीत. संध्याकाळी स्मशानातून परतून सगळे पांगल्यावर मुलगी माझ्यापाशी आली. त्यांनी भरलेलं पाणी तसंच होतं. बाबांसारखंच तिने वाकून तळाशी पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी नितळ येतं. रोज सकाळी पेला उजेडात धरते मी, आणि मगच पिते."