भागुबाईंचं म्हणणं

भागुबाईंनी मासळीची पाटी उंबऱ्याशी टेकवली आणि कमरेला खोचलेला मोबाईल काढून रचनाबाईंच्या पुढे धरला.

“यात माजा नाव कुटं हाय, ता दाखव.”

मोबाईलवर ‘किनारावार्ता’ या बातम्यांच्या पोर्टलवरची बातमी उघडलेली होती. खारवाडीच्या जनसुनावणीचा फोटो, मंडपातल्या रिकाम्या खुर्च्या, हार घातलेले कंपनीचे अधिकारी. वर मथळा : ‘प्रस्तावित गोदामाचे ग्रामस्थांकडून स्वागत’. रचनाबाईंनी ती सकाळीच वाचली होती. भागुबाईंचं नाव त्यात नव्हतं. शेवटी फक्त एवढंच होतं, ‘काही शंका उपस्थित करण्यात आल्या व त्यांचे निरसन करण्यात आले.’

रचनाबाईंनी ती ओळ वाचून दाखवली. निरसन म्हणजे काय, ते भागुबाईंनी विचारलं. उत्तर देऊन शंका मिटवली, असं रचनाबाईंनी सांगितलं. मला कुणी उत्तर दिलं, एवढंच मग भागुबाईंनी विचारलं. कुणीही दिलं नव्हतं. रचनाबाई स्वतः त्या मंडपात होत्या.

मांडव्याच्या वाटेवरच्या एका कॉलेजात रचनाबाई सव्वीस वर्षं मराठी आणि वृत्तलेखन शिकवत होत्या. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. दरवर्षी पहिल्या तासाला त्या फळ्यावर ‘झाडे तोडण्यात आली’ असं लिहीत आणि विचारत, कुणी? तोडणाऱ्याचं नाव वाक्यातून गेलं की तो बातमीतून सुटतो, मग गावाच्या हातूनही सुटतो, हे त्या पोटतिडकीने सांगत. सुरुवातीच्या वर्षांत मुलं वाद घालायची. आता मुलं फळ्याचा फोटो काढायची आणि तो पुन्हा कधी बघायची नाहीत. रचनाबाईही अलीकडे ते सांगताना घड्याळाकडे पाहू लागल्या होत्या.

सुनावणीला त्या वर्गातल्या बारा मुलांना सरावासाठी घेऊन गेल्या होत्या. खाडीकाठच्या ज्या खळ्यावर खारवाडीच्या बायका जवळा आणि बोंबील सुकवतात, तिथे कंटेनरचं गोदाम यायचं होतं. कंपनीच्या नकाशात त्या जागेवर ‘पडीक’ असं छापलं होतं. अठरा वर्षं रचनाबाईंच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या भागुबाई त्या दिवशी पहिल्यांदा माईकपुढे उभ्या राहिल्या आणि चार मिनिटं बोलल्या. त्या बोलत असताना अधिकारी शेजारच्या माणसाला चहाचं काहीतरी सांगत होता.

बातमी ओंकारने लिहिली होती. नऊ वर्षांपूर्वीचा त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. एका अपघाताच्या बातमीत ट्रक कुणाच्या मालकीचा हे कळेना, म्हणून हा मुलगा दोन दिवस पोलीस चौकीत खेपा घालत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर रचनाबाई त्याच्याकडे गेल्या. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची एक खोली होती. त्याने उठून खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. त्या का आल्या ते त्याला कळलं होतं.

“मॅडम, यातलं एक वाक्य खोटं असेल तर दाखवा,” तो म्हणाला.

रचनाबाईंना दाखवता आलं नाही. सरपंचाने स्वागत केलं होतं आणि सरपंचही ग्रामस्थच होता. शंका निघाल्या होत्या. निरसन केल्याचं कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं होतं. प्रत्येक वाक्याच्या मागे काहीतरी आधार होता. आधाराशिवाय वाक्य लिहायचं नाही, हे त्यानेच त्यांच्याकडून उचललं होतं.

कंपनीची जाहिरात वर्षभर चालते, ती गेली तर पोर्टल बंद पडेल, हेही त्याने लपवलं नाही. तुम्ही शिकवलंत त्यावर घर चाललं असतं तर मला आवडलं असतं, असं तो खाली बघत म्हणाला. मग त्याला एक तोड सुचली. मंडपात बोलणाऱ्या आजींचा व्हिडिओ त्याच्याकडे होता. ‘आजींचा रुद्रावतार’ असं नाव देऊन तो टाकता येईल. लोक खूप बघतील, कंपनीही काही म्हणणार नाही.

लोक तो का बघतील, हे रचनाबाईंना लगेच दिसलं. हातवारे, डोईवरून घसरलेला पदर, न्हाय आणि व्हय. खाली कॉमेंटमध्ये हसणारे चेहरे. त्या नको म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला आठ दिवसांची मुदत होती. रविवारी त्या खारवाडीला गेल्या. रिक्षात त्यांना वडिलांची आठवण आली. ते दुसऱ्याच्या भातशेतीत राबत आणि सरकारी अर्ज लिहून घ्यायला तीन मैल चालत जात. लिहिणाऱ्याने कागदावर काय लिहिलं, ते त्यांना एकदाही कळलं नाही. ते अंगठा उठवून परत येत. मुलीने अक्षर शिकावं हा त्यांचा हट्ट त्यातूनच आला होता.

भागुबाई खळ्यावर जवळा पसरत होत्या. रचनाबाई एका उलट्या टोपलीवर बसल्या, मांडीवर वही ठेवली आणि भागुबाईंना पुन्हा बोलायला सांगितलं. भागुबाई काम न थांबवता बोलल्या.

“तुमच्या कागदावर पडीक लिवलाय. आमी चाळीस बायका हिथं रोज वाकतो. पडीक जागंत कोन वाकतो?”

रचनाबाईंनी लिहिलं, ‘सदर जागेवर आम्ही चाळीस महिला दररोज श्रम करतो.’ लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं आणि पेन थांबला. वाक्य शुद्ध होतं. त्यात भागुबाई नव्हत्या. गेल्या सव्वीस वर्षांत अशी किती बोलणी आपण लाल पेनाने गोल करून मुलांना परत दिली, याचा हिशेब त्यांना लागेना. त्यांनी पान फाडलं आणि ऐकू आलं तसं लिहायला घेतलं.

मंगळवारी दोघी सरकारी कचेरीच्या बाकावर बसल्या होत्या. आत साहेब जेवत होते. एकदा सगळं वाचून दाखव, असं भागुबाई म्हणाल्या. रचनाबाईंनी ‘महोदय, नम्र विनंती की’ इथपासून सुरुवात केली. भागुबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“इनंती मी केलीच न्हाय. मी सांगायला गेलती.”

सवयीने लिहिलं गेलं, असं रचनाबाई म्हणाल्या. सगळ्याच अर्जांत तसं असतं.

“आसंल. माज्यात नको.”

रचनाबाईंनी ‘नम्र विनंती की’ वर आडवी रेघ मारली. पुढचं सगळं भागुबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि बरोबर हाय, असं म्हणाल्या.

खिडकीवरच्या कारकुनाने कागद वरखाली केला. खाडाखोड चालत नाही आणि ही भाषा कुठली, शुद्ध मराठीत स्वच्छ प्रत आणा, असं त्याने सांगितलं. मुदत त्याच दिवशी संपत होती. रचनाबाईंना एकदम फार थकवा वाटला. खिडकीचा गज धरून त्या म्हणाल्या, “मी मराठीचीच शिक्षिका आहे. हे शुद्ध आहे. घ्या.”

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं. मग खोडलेल्या जागी अंगठा लागेल, असं म्हणून शाईची डबी पुढे सरकवली. भागुबाईंनी एक अंगठा खाली उठवला आणि एक त्या रेघेशेजारी. कारकुनाने आवकचा शिक्का मारला.

गोदाम मंजूर झालं. दिवाळीनंतर खळ्याभोवती पत्रे उभे राहिले. बायका आता रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून जवळा सुकवतात आणि गाड्यांची धूळ त्यावर बसते. मंजुरीचा अहवाल संकेतस्थळावर आला, तेव्हा रचनाबाईंनी तो पूर्ण वाचला. एकशे बारा पानांच्या शेवटी परिशिष्टात भागुबाईंचं पान लावलेलं होतं, जरा तिरकं. त्यांनी त्या पानाची प्रत काढून घेतली.

वर्गात त्या दिवशी नऊच मुलं होती. रचनाबाईंनी तो कागद पहिल्या बाकावरच्या प्राप्तीला दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. प्राप्ती कोळीवाड्यातली. तिने घसा खाकरून, वक्तृत्व स्पर्धेत बोलतात तशा आवाजात सुरुवात केली. जिथे ‘लिवलाय’ होतं तिथे तिने ‘लिहिलं आहे’ असं वाचलं.

“लिहिलंय तसं वाच,” रचनाबाई म्हणाल्या.

प्राप्तीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग कागद जवळ घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागली.