लूमवर राहिलेले थान

"रस्सी फेंकूँ क्या, काका?" मोटारबोटीवरचा माणूस ओरडला.

मंडलेश्वर मागे पडून तास झाला होता आणि त्या तासात कचरूची नाव दोन फर्लांगसुद्धा सरकली नव्हती. पश्चिमेचा वारा नर्मदेचे पाणी उलटे ढकलत होता. पुढे महेश्वर. तिथे पोचले की बडवाहपासूनचा तीन दिवसांचा प्रवास संपणार होता.

"फेंक भिया, फेंक!" नंदू फिटरने वल्हे सोडून दिले.

"नको," कचरू म्हणाला. "इंजिन लावणार नाही असं बोललो होतो आपण. त्या बोलावर लोकांनी धान्य दिलंय."

"अरे, इथं देखतंय कोण?"

"मी देखतोय ना."

बोटवाला हसला, 'नर्मदे हर' म्हणाला आणि फटफटत निघून गेला.

कचरू आणि त्याच्या सोबत्यांची कापडमिल बंद होऊन चौदा महिने झाले होते. परदेशीपुरा या मिलवस्तीतल्या चाळीत कचरूची बायको गिरिजा कामगारांच्या साठ पोरांना दुपारचे जेवू घालत असे. मागच्या महिन्यात पिठाचे डबे तळाला लागले. तेव्हा मिलचे टाइमकीपर लक्ष्मीकांतजी म्हणाले, "माझं आजोळ महेश्वरचं. नर्मदाकाठी परिक्रमावाल्यांना सदाव्रत देतात, कोरडा शिधा. आपणही मागू. पण हात हलवत नाही जायचं. नाव वल्हवत जाऊ, घाम गाळून मागू."

काठावरच्या बायकांनी ओंजळी भरभरून गहू दिला, ज्वारी दिली. "मिलवालों की नाव आई," एवढेच त्या म्हणायच्या. जात कुणी विचारली नाही. पण एक चूक झाली. मुरलेल्या नावाड्याने ती पोती बैलगाडीने सडकेवर धाडली असती. या चौघांच्या मनातच ते आले नाही. माल साचताना पाहायची जन्माची सवय, त्यामुळे प्रत्येक पोते त्यांनी हौसेने नावेतच चढवले. आज नऊ पोती होती आणि पाणी नावेच्या काठापासून वीतभर खाली.

"दोन पोती उतरवू," नंदू म्हणाला. "कल टेम्पो लावू."

"या खडकात? कुणाच्या भरवशावर?" कचरूने वल्हे पाण्यात घातले. "ओढ."

त्याला हे पुरे करायचेच होते. मिलच्या शेवटच्या दिवशी मेन स्विचवरूनच वीज तोडली. चारशे लूम एकदम गप्प झाल्या. त्याच्या लूमवर थानाचे अकरा मीटर विणायचे राहिले होते, आडवा धागा नेणारा धोटा ताण्याच्या मधोमध अडकलेला. "एवढं विणून घेऊ द्या साहेब," तो म्हणाला होता. साहेबाने गेटकडे बोट दाखवले. ते थान अजून तसेच आहे. तेव्हापासून कचरूचे हात कुठल्या कामाला लागतच नव्हते. गिरिजा चहाचा कप हातात द्यायची, तो अर्धाच ठेवून उठायचा.

वारा आणखी वाढला. तिघांची वल्ही वेगवेगळ्या वेळेला पडू लागली. नाव गोल फिरली.

"काय करायचं? मला काहीच ऐकू येत नाही!" लक्ष्मीकांतजी ओरडले.

नावेच्या मागच्या टोकाला सुकाणूचे वल्हे काखेत धरून चिंतामण बसला होता. बावीस वर्षे तो कचरूच्या शेजारच्या लूमवर होता. छातीत कापसाची धूळ बसून आवाज गेलेला, नुसती कुजबुज उरलेली. डॉक्टर नको म्हणत होता, तरी आला. "घरी बसून खोकण्यापेक्षा नावेत खोकतो," म्हणाला होता.

वल्ही मारणाऱ्यांची पाठ पुढे असते, तोंड मागे. म्हणजे तिघांचीही तोंडे चिंतामणकडेच होती. त्याचे ओठ हलले आणि कचरूला शब्द कळले.

लूमच्या खडखडाटात माणसाला माणूस कधीच ऐकू आला नाही. वर्षानुवर्षे तिथे सगळे ओठांवर आणि बोटांवरच बोलले. संसार बोलले, भांडणे बोलले. या वाऱ्याची काय मातब्बरी!

"चिंतामण काठाला घेतोय म्हणतो," कचरूने आयुष्यभर ऑफिसात बसलेल्या लक्ष्मीकांतजींच्या कानाशी तोंड नेले. "कड्याखाली वारा पडलाय. त्याच्या हाताकडे बघा आणि तसं मारा."

चिंतामणचा मोकळा तळहात मांडीवर पडू लागला. लूमचाच ठेका: धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. तीन वल्ही एकदम पाण्यात गेली. नाव थरथरली आणि पुढे सरकली.

नंदू एकाएकी हसायला लागला. "बुढ्ढा शिव्या देतोय मला!"

"काय म्हणाला?"

"टाइमकीपर साहेब, तुमच्या रजिस्टरात लिहिता येणार नाही असं!"

हाताचे फोड फुटले, त्यावर चिंध्या बांधल्या. लक्ष्मीकांतजींची मान झुकली, पण वल्हे चुकले नाही. ऊन उतरू लागले तसा चिंतामणचा चेहरा राखेसारखा झाला. तळहात अजून मांडीवर पडत होता, पण हलका हलका.

कचरूने नुसत्या ओठांनी विचारले, 'थांबू का?'

चिंतामणने दोन बोटे दूर केली, पुन्हा जुळवली. लूमवरची खूण: धागा तुटला तर जोड आणि चालव.

कचरूने डोळे पुसले नाहीत. वल्हे सुटले असते.

महेश्वरचा किल्ला दिसू लागला. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. बसने आलेली गिरिजा पायऱ्यांवर पदर खोचून वाट पाहत होती. पायरी दहा हातांवर आली तेव्हा चिंतामणने आपला तळहात वर नेला, पालथा केला आणि सावकाश खाली आणला.

लूम बंद कर. काम झालं.

चौदा महिन्यांपूर्वी, मिलच्या शेवटच्या दिवशी, ही खूण कुणी कुणाला केली नव्हती.

कचरूने आणखी एकदा वल्हे ओढले. नाव पायरीला टेकली. नंदूने उडी मारून दोर बांधला आणि गिरिजाने एका हाताने चिंतामणला धरून पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावला.

"अहो, उतरा की आता!" ती कचरूला म्हणाली.

त्याने वल्हे पाण्याबाहेर काढले, मांडीवर आडवे ठेवले आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसून राहिला. पात्याच्या टोकावरून थेंब पडत होते. शेवटचा पडेपर्यंत तो उठला नाही.