इग्लाची नवी आवृत्ती

यासेन्काच्या मांडीवर अक्रोडाच्या केकचा खोका होता आणि डोक्यात स्वतःचं कौतुक. खोटं कशाला बोला, नोवी सादहून निघालेली बस सोंबोरला पोहोचेपर्यंत ती मनातल्या मनात स्वेतोझार शिंप्याच्या तोंडून स्वतःची स्तुती ऐकत होती. म्हातारा तोंडभर स्तुती करणाऱ्यातला नव्हता. पण आज करेल, असं तिला वाटत होतं.

तिचा आणि तिच्या भागीदाराचा, नेबोयशाचा, धंदा एकाच गोष्टीवर उभा होता. ‘इग्ला’, म्हणजे सुई, नावाचा शिंप्यांसाठीचा प्रोग्रॅम. गिऱ्हाइकाची मापं भरायची, की कोटाच्या पाठीपासून बाहीपर्यंत सगळे कागदी पॅटर्न छापून मिळायचे. कागद कापडावर ठेवायचा आणि कातरी चालवायची. पहिली इग्ला तयार झाली तेव्हा ती धड चालतही नव्हती. दहा दुकानांनी दारातूनच वाटेला लावल्यावर यासेन्का सोंबोरच्या या दुकानात शिरली होती. स्वेतोझारने आधी तिला कॉफी पाजली, मग अर्धा तास उलटसुलट प्रश्न विचारले, आणि शेवटी पुरी किंमत मोजली. ती कमी करायला निघाली तर रागावला. म्हणाला, मी माझ्या कोटाची किंमत कमी करत नाही, तू कशाला करतेस? त्या पैशांत त्यांचं ऑफिसचं भाडं निघालं होतं. तो बसस्टॉपवर सोडायला आला तेव्हा तिने त्याला शब्द दिला होता, की चिका, म्हणजे काका, यापुढे इग्लासाठी तुमच्याकडून एक दिनार घेणार नाही.

तो शब्द पाळायची वेळ गेल्या वसंतात आली. सगळी इग्ला नव्याने लिहून झाली होती आणि त्यात दोघांची पदरमोड बरीच झाली होती. नेबोयशाचं म्हणणं साधं होतं. जुन्या गिऱ्हाइकांकडून निम्मी किंमत घेऊ. ज्याला नवी हवी तो घेईल, ज्याला नको तो जुनीवर राहील. यासेन्का उसळली. ज्यांनी आपल्याला उभं केलं त्यांच्यापुढेच हात पसरायचा? एकदा विकलेलं परत परत विकायचं? आपलं जुनं बरोबर नव्हतं म्हणूनच नवं करावं लागलं ना, मग आपल्या चुकांचे पैसे त्यांनी का भरायचे? तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. आजही ते चुकीचं होतं असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही.

नेबोयशाने डोकं खाजवलं. "बरं बाई, तू दानशूर. वाटून टाक फुकट. पण मग जुनी आणि नवी दोन्ही सांभाळायला माणसं कुठून आणू? फुकट द्यायची तर सगळ्यांना एकदमच दे आणि जुनी बंद कर."

"दे की. आनंदाने घेतील."

"विचारायचं नाही कुणाला?"

"भेट देताना कोणी विचारतं का?"

तिच्या जागी तिथला दुसरा कोणीही असता तरी हेच म्हणाला असता. त्या मुलखात मूल झालं, गाडी घेतली, परीक्षा पास झाली, की माणूस सगळ्यांना पाजतो. घेणार का, असं विचारणं म्हणजे हात आखडता घेणं. ग्लास पुढे येतो आणि तो प्यायचा असतो. यासेन्काने इग्लाची नवी आवृत्ती तशीच पाजली. एका सोमवारी सगळ्या दुकानांमधली इग्ला आपोआप बदलली. पडद्यावर खाली एक ओळ होती, लहानसहान चुका दुरुस्त केल्या आहेत. ती ओळ तिनेच लिहिली होती.

त्या चुकांपैकी एक स्वेतोझारने दाखवलेली होती. पहिल्याच महिन्यात त्याने सहज सांगितलं होतं, की पोरी, तुझी इग्ला पाठ जरा रुंद काढते. पुढच्या वेळी करते, असं म्हणून ती विसरून गेली होती. त्यानेही पुन्हा आठवण केली नव्हती. इतक्या वर्षांनी चाचक गावातल्या कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्याने आरडाओरडा केल्यावर तिने ती चूक शोधून काढली, आणि तेव्हा तिला म्हातारा आठवला. ही दुरुस्ती तुमची, असं त्याला सांगायला ती निघाली होती. शिवाय त्याच्या मुलाचं, ओब्रादचं, नुकतंच लग्न झालं होतं. तिला आमंत्रण होतं, पण जाता आलं नव्हतं.

दुकान तेच होतं. स्वेतोझारने केकचा खोका दोन्ही हातांनी घेतला, एवढं कशाला आणलंस म्हणाला, आणि कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. मोतीबिंदू काढल्यापासून तो डोळे बारीक करून बघायचा. लग्न छान झालं, ओब्राद परत स्टॉकहोमला गेला, सून गोड आहे, सगळं सांगून झालं. यासेन्का आपलं कौतुक कधी काढावं याची वाट बघत होती. तेवढ्यात तिला कोपऱ्यातल्या पुतळ्यावरचा कोट दिसला.

गडद निळी लोकर होती. ते कापड तिने पूर्वी पाहिलं होतं. ओब्राद शाळेत जायला लागला त्या वर्षी स्वेतोझारच्या बायकोने ते गिरणीतून आणलं होतं, मुलाच्या लग्नाच्या कोटासाठी. बायको गेली, गिरणी बंद पडली, कापड मात्र कपाटात राहिलं. म्हातारा ते नव्या गिऱ्हाइकांना नुसतं हात लावायला द्यायचा. आता त्याचा कोट झाला होता आणि त्याला कच्च्या शिलाईचा पांढरा धावदोरा अजून तसाच होता.

"चिका, हा ओब्रादचा ना? लग्नात घातला नाही?"

"नाही. त्याने दुकानातून घेतला."

सोंबोरच्या सगळ्यात जुन्या शिंप्याचा मुलगा तयार कोट घालून लग्नाला उभा राहिला होता, आणि अख्ख्या गावाने ते पाहिलं होतं.  यासेन्का उठून पुतळ्याजवळ गेली. कोट पाठीत आवळ होता. थोडाथोडका नव्हे, चांगला दोन बोटं.

तिला कळायला वेळ लागला नाही. दोन बोटं म्हणजे तीच चूक, तिने दुरुस्त केलेली. इग्ला पाठ रुंद काढते म्हटल्यावर म्हाताऱ्याने वाट बघत न बसता आपला उपाय केला होता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप तो दोन बोटं कमी भरायचा, आणि कोट बरोबर यायचा. इतकी वर्षं त्याचं आणि इग्लाचं असं छान जमलं होतं. ओब्रादचं मापही तसंच भरलेलं होतं. यासेन्काने इग्ला सुधारली आणि पाठ तेवढीच अरुंद निघाली.

"तुम्ही टेप लावून बघितली नाही?" तिने विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

स्वेतोझारने गळ्यातल्या टेपला हात लावला. "बघायचो पूर्वी. मग तुझी इग्ला आली. एकदा भरवसा टाकल्यावर रोज काय तपासायचं? डोळे असे. कागद ठेवला, कापलं. तुझी नवी आल्यावर कापलेला हा पहिलाच कोट. पोरगं लग्नाच्या आदल्या दिवशी आलं. ट्रायल घेतली, तर हात पुढे करता येईना त्याला. आत सोडलेलं कापड उसवून पाहिलं, पुरलं नाही. बाबा, असू दे म्हणाला. बाहेर जाऊन घेऊन आला."

त्याने कॉफी दोन कपांत ओतली. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मला तुमच्याकडून पैसे घ्यायचे नव्हते," ती म्हणाली. "शब्द दिला होता तुम्हाला."

"माहीत आहे."

"फुकट दिली मी. सगळ्यांना. भांडून."

"तेच तर, पोरी. पैसे मागितले असतेस, तर मला विचारावं लागलं असतं तुला. मी म्हटलं असतं, राहू दे, माझं जुनीवर भागतंय."

यासेन्काला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. नेबोयशा आठवला. ज्याला नको तो जुनीवर राहील, असं तो म्हणाला होता, आणि तिने त्याला कंजूष ठरवलं होतं. आपण उदार आहोत या आनंदात, समोरच्याला नको म्हणता आलं पाहिजे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने माफी मागितली. म्हाताऱ्याने हात हलवला आणि केकचा खोका उघडून दोन तुकडे कापले.

जाण्याआधी ती दाराशी थांबली. जुनी इग्ला अजून होती, तिच्या बॅगेतल्या कॉम्प्युटरवर. बसवून देणं अर्ध्या तासाचं काम होतं. आत्ता देते, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"चिका," ती म्हणाली, "जुनी परत बसवता येईल. पाच हजार दिनार होतील. बसवू?"

स्वेतोझारने तिच्याकडे नीट बघितलं. मग पहिल्या भेटीत घेतला होता तसाच वेळ घेऊन विचार केला.

"नको, पोरी," तो म्हणाला. "विचारलंस, बरं केलंस. पण नको. आता जी गिऱ्हाइकं राहिलीत, त्यांची मापं मी टेपनेच घेईन."

त्याने तिला तिचा कोट चढवायला मदत केली आणि कॉलर सरळ केली.

बसस्टॉपवरून तिने नेबोयशाला फोन लावला. जुनी आवृत्ती पुन्हा सुरू ठेवायची, त्यासाठी लागतील ते पैसे घ्यायचे, आणि एकेका दुकानाला फोन करून कुठली हवी ते विचारायचं, असं तिने त्याला सांगितलं. तो ऐकून घेत होता. मी म्हणत होतो ना, असं तो म्हणेल म्हणून ती थांबली, पण तो तसं म्हणाला नाही.

"तुझ्या शिंप्याला विचारलंस?" त्याने एवढंच विचारलं.

"विचारलं," यासेन्का म्हणाली. "त्याला नको आहे."