पौषातली सावली

“ह्या कोपऱ्यात बसूनच लिंगपूजा करायची, उगवत्या उन्हात. तितं कुणाला काय मांडू द्यायचं न्हाय. कुंडीसुदा न्हाय.”

असं बजावणाऱ्या सासूबाई, चन्नम्मा, जाऊन अकरा वर्षं झाली, तरी गच्चीचा पूर्वेचा कोपरा मी तसाच मोकळा ठेवला. पहाटे पाट टाकायचा, डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग घ्यायचं, वर बेलाचं पान. ऊन आलं की तळहात आतून उजळल्यासारखा होतो. रोज बघते, तरी रोज अंगावर काटा येतो.

यंदा वैशाखात गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं, ते मामंजींसाठी. माझे सासरे गुरुसिद्धप्पा चौऱ्याऐंशीचे. फुप्फुसं थकलीत, नाकाला दिवसरात्र ऑक्सिजन मशीनची नळी. लाईट गेली की मशीन बंद. लहान सिलिंडर आहे, पण तो तासाभराचा. एकदा दुपारी तोही संपला आणि त्यांचे ओठ निळे पडले. मी विंझणा हलवत बसले. वाऱ्यानं काय होणार होतं?

कुंभारी गावचा विरेश पॅनेल बसवतो. त्यानं दोन प्रकार सांगितले, साधा लाईनला जोडलेला आणि बॅटरीचा. आमच्या ह्यांना साधा पसंत पडला. मी एवढंच विचारलं, की लाईट गेल्यावर हा चालतो का. विरेश म्हणाला, नाही, लाईनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तोही बंद होतो. मग बॅटरीचा घ्यायचं ठरलं. मामंजी खाटेवरून म्हणाले, “बॅटरी घराला लावताय का मला?”

विरेश भर बारा वाजता गच्चीवर आला. त्या दिवसांत सोलापुरात सूर्य अगदी डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली गोळा होते. ह्यांनी त्याला माझ्या पूजेचं सांगितलं होतं. त्यानं आपणहून पश्चिमेच्या बाजूला खडूनं चौकट आखली. म्हणाला, काकू, तुमचा कोपरा तुमचाच राहील.

मला बरं वाटलं. आणि लगेच दक्षिणेकडं नजर गेली.

दक्षिणेला, गच्चीच्या पश्चिम टोकाशी, शेजाऱ्यांची इमारत आमच्यापेक्षा दोन मजले उंच आहे. वैशाखात तिची सावली आमच्याकडं फिरकत नाही. पण माझं मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, पूजेपुरतं नेसायचं लुगडं रोज धुवून उन्हातच वाळवावं लागतं. मार्गशीर्ष लागला की पश्चिमेची दोरी सोडून मला माझ्या कोपऱ्याकडं आणावी लागते. पौषात तर पश्चिमेला भर दुपारीही ऊन नसतं. तिथं पॅनेल बसले तर थंडीत बॅटरी कशानं भरणार? थंडीतच मामंजींचा दम जास्त लागतो.

हे घरात मला एकटीलाच ठाऊक होतं. गप्प बसले असते तर कोपरा राहिला असता.

चहा टाकायला खाली आले. आतल्या खोलीत मशीन फुसफुसत होतं. चहा उकळून वर आला तरी मी त्याच्याकडं बघतच उभी राहिले. मग कप घेऊन वर गेले.

“विरेश, ही जागा नको बाबा. पौषात हितं ऊन न्हाय.”

तो हसला. मी त्याच्याकडून खडू घेतला, वाकून रेघा ओढल्या. मार्गशीर्षात सावली इथवर, पौषात इथवर, माघात परत फिरते ती इथून. त्यानं मोबाईल काढला. त्यात म्हणे सूर्याची वर्षभराची वाट दिसते. डिसेंबर लावला, इमारतीकडं धरला, मग खडूनं आपली रेघ ओढली. त्याची रेघ आणि माझी रेघ यांत वीतभरही अंतर नव्हतं.

“काकू, आज सावलीच नाही आणि मी सावली मोजत होतो,” तो हळू म्हणाला. “मग जागा एकच उरते.”

“व्हय. माझी.”

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, आईला काय सांगशील? मी कोपऱ्यातला पाट उचलून खाली आणला.

पॅनेल बसले. जाताना विरेश म्हणाला, रस्त्याची धूळ लई बसते, आठवड्यातून एकदा ऊन तापायच्या आत पुसायला लागतं, लोक महिनाभर पुसतात आणि सोडून देतात. मी म्हटलं, मी दर सोमवारी पुसेन.

चार दिवसांनी दुपारी लाईट गेली. गल्लीतले सगळे कूलर एकदम मुके झाले. मी धावत खोलीत गेले. मशीनचा दिवा एकदा लुकलुकला आणि फुसफुस तशीच चालू राहिली. मामंजी झोपलेले. त्यांना कळलंही नव्हतं.

मी उंबऱ्यावरच बसले. इतकी वर्षं ज्या सूर्यासमोर बसत होते, तो एवढ्या लांबून येऊन, तारेतून उतरून, एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जात होता. छाती वर होत होती, खाली होत होती. हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते मला सांगता येणार नाही.

आता पूजा मामंजींच्या खाटेशेजारी, खिडकीखाली करते.

आज सोमवार. अजून फटफटलं नाही. बादलीत पाणी घेतलंय, धुतलेल्या जुन्या धोतराचं मऊ फडकं खांद्यावर टाकलंय. कुणाची झोप मोडू नये म्हणून चपला न घालताच जिना चढायला लागते.