माझ्या तळाशी साचलेलं तेल

मी तळणीचं उरलेलं तेल गाळून ठेवायचा एक जुना स्टीलचा डबा आहे. मित्रांनो, कापडे गावात तुळसाबाईच्या चुलीशेजारी मला बारा वर्षं झाली. तिच्या मुलाने, किशोरने, मला मुंबईहून आणलं तेव्हा माझ्या जाळीचं कोण कौतुक झालं होतं!

तुळसाला तेलाचा थेंब टाकवत नसे. वडे तळून उरलेलं तेल माझ्यात यायचं आणि त्यातच नवं ओतून पापड तळले जायचे. माझा तळ तिने कधी पाहिलाच नाही. तिथे काळा, चिकट थर साचला आणि मी मनातून धास्तावलो. पण डब्याचं कोण ऐकतं?

गेल्या वर्षी सकाळी-सकाळी तिला माझं झाकण निघेना. बोटांची पेरं सुजली होती. लावणी तोंडावर, आणि भाताचं रोप चिमटीत राहीना. मासळी वातूळ, ती बंद कर, असं शेजारच्या बनुबाईने बजावलं. मग तारली-बांगडा गेला आणि ताटात रोज तळलेले पापड आले. ही सूज माझ्यामुळेच तर नाही ना, या काळजीने माझा जीव टांगणीला लागला.

शेवटी सून सलोनी तिला महाडला डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिने सगळं समजावलं. आजार सांध्यांचा आहे, गोळ्या चुकवायच्या नाहीत. तो एकट्या तेलाने होत नाही. पण पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल खराब होतं आणि सूज वाढवू शकतं. तारली-बांगड्यातल्या चरबीपासून मात्र शरीर सूज उतरवणारे पदार्थ तयार करतं. तुळसाने नेमकी तीच मासळी सोडली होती.

“येवढा तेल टाकू गो? हात धजत नाय,” तुळसा म्हणाली.

“टाकायचा नाय, आई. कोयत्यांच्या मुठींना लावू. पोटात नको.”

आता आपण भंगारात, असं मला वाटलं. पण सलोनीने मला राखेने घासलं आणि माझ्यात भाजलेलं जवस भरलं; त्यातही काहीशी तशीच चरबी असते. दासगावहून येणाऱ्या मासळीवालीची तारली पुन्हा कालवणात पडू लागली. गोळ्या चालूच आहेत. तरी यंदाही लावणी सलोनीनेच केली. तुळसा बांधावर बसून होती. माझी धास्ती अजून गेलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ असेल. त्याचा तळ शेवटचा कधी दिसला, एवढं आईला विचारा.

काल सकाळी तुळसाने माझं झाकण स्वतः काढलं. दोन्ही हात लावून, मध्ये दोनदा थांबून. पण सलोनीला हाक मारली नाही.