मातीवर बांधलेला घुमट

टेकडीवरच्या त्या चर्चला आधी भिंती आल्या, मग घुमट आला आणि आतली जागा सगळ्यांत शेवटी आली. ऐकणारा हसतो. खुशाल हसू द्या.

भिंती म्हाताऱ्या गवंड्याच्या. हातभर जाडीच्या, बाहेरून दगडी टेकू दिलेल्या. पुढं त्याचे हात थरथरायला लागले आणि थापी सुनेकडे आली. घुमट तिनं बांधायचा होता. घुमट पुरा जुळेपर्यंत त्याला खालून तोलून धरणारा लाकडी सांगाडा लागतो. त्याचे ओंडके नदीतून येत असताना पूर आला. पलीकडच्या गावानं ते देवाची देणगी समजून काठावर ओढले आणि स्वतःच्या चर्चवर छप्पर घालून मोकळं झालं.

दोन गावांत फादर एकच. टेकडीवरचं चर्च आधी सुरू झालेलं, म्हणून मान त्याचा. पण बिशप पाहणीला येतील तेव्हा त्यावर छप्पर नसेल, तर फादर कायमचे पलीकडे जाणार होते. म्हणजे बाप्तिस्मा, लग्न, मयत, सगळं नावाड्याच्या मर्जीवर. सासूबाई गेल्या तेव्हा फादर पलीकडे होते आणि शवपेटी नदीकाठी नावेची वाट बघत पडून राहिली होती, ते सून विसरली नव्हती.

"मामंजी, लाकूड नाही तर नाही," ती म्हणाली. "चर्च मातीनं भरू. वर ढिगाला घुमटाचा आकार देऊ, त्यावर विटा रचू. चुना धरला की माती काढून टाकू."

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "आज मातीवर घुमट, उद्या पाण्यावर जिना बांधशील."

"लागला तर तोही बांधू."

गाव कामाला लागलं. ज्याच्या त्याच्या परसातली माती टोपल्यांनी आत पडू लागली. भिंती काठोकाठ भरल्या, वर ढीग उठला. बायांनी तो तळहातांनी थापून गुळगुळीत केला, विटा चिकटू नयेत म्हणून त्यावर राख भुरभुरली. त्या हातांचे ठसे आजही घुमटाला आतून दिसतात. खोटं वाटेल त्यानं मान वर करून बघावं.

चूक झाली ती मातीत. परसातली माती, तिच्यात भोपळ्याच्या बिया. चुना सुकू नये म्हणून सून रोज वरून पाणी मारत होती, ते झिरपून खाली बियांना मिळत होतं. घुमट पुरा जुळला त्या आठवड्यात चर्चच्या खिडक्यांतून वेल बाहेर आले. टेकू झाकले गेले, दारावर फुलं आली. एक भोपळा तर एवढा फुगला की खिडकीच्या गजांत अडकून बसला आणि गज वाकले.

"अगं, चर्च बांधतेयस की मळा करतेयस?" नावाडी रोज विचारायचा.

तिला हसायला सवड नव्हती. माती काढायला कुणी धजत नव्हतं. "आधार निघाला की येणार डोक्यावर," म्हातारा सांगत सुटला होता आणि त्याच्या शब्दाला गावात वजन होतं. अशात बिशप ठरल्यापेक्षा लवकर आले. मागोमाग पलीकडचे लोक, मजा बघायला.

बिशपनी वेलांकडे पाहिलं, मातीनं गच्च भरलेल्या दाराकडे पाहिलं. "छप्पर दिसतंय," ते म्हणाले. "पण ते उभं आहे की नुसतं मातीवर बसलंय?"

गवंड्यांत रीत अशी, की आधार काढताना कमान जुळवणाऱ्यानं तिच्याखाली उभं राहायचं. सुनेनं पदर खोचला, कुदळ घेतली आणि घुमटाच्या बुडाशी असलेल्या झरोक्याला शिडी लावली.

"सूनबाई, उतर खाली," म्हाताऱ्याचा आवाज फुटला. "फादर जाऊ देत पलीकडे. तू राहा."

तिनं झरोक्यातून कुदळ आत घातली. कुदळ कशालाच लागली नाही. हात घातला, तर खांद्यापर्यंत गेला. भोपळ्यांनी ढिगातला ओलावा पिऊन टाकला होता, माती आकसून खाली बसली होती. घुमट आणि माती यांच्यामध्ये माणूस आडवा होईल एवढी पोकळी पडली होती. सगळं गाव ज्याच्या पडण्याला भीत होतं, तो घुमट कितीतरी दिवस एकटाच उभा होता.

ती आत सरकली, उताणी झाली आणि हाक मारली, "मामंजी, उभा आहे."

घुमटानं ती हाक घेतली, फिरवली, मोठी केली आणि झरोक्यांतून अशी बाहेर सोडली की नदीपलीकडची कुत्री उठून बसली. खाली कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळी टेकडीच वाजू लागली. म्हातारा शिडीचा पाय धरून रडत होता, आणि शेजाऱ्यांना सांगत होता की भिंती आपल्या आहेत.

बिशप झगा आवरून शिडी चढले, पोटावर सरपटत आत गेले. आतून आशीर्वादाचे शब्द घुमत आले. बाहेर आले तेव्हा दाढीत राख होती आणि कानामागं भोपळ्याचं फूल.

"फादर इथंच राहतील," ते म्हणाले. "फक्त आधी त्यांना उभं राहायला जागा करा."

पहिली टोपली म्हाताऱ्यानं उचलली. दुसरी, त्याच ओंडक्यांचं छप्पर घातलेल्या पलीकडच्या गावच्या सुतारानं.