रंगाआड राहिलेले काचेचे दाणे

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनावर बसणारं ॲल्युमिनियमचं झाकण आहे, आणि आधीच सांगतं, माझा राग अजून उतरलेला नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेला धातू साच्यात ओतला, कडा घासल्या, उडणारं तेल अडवायला पोटात एक पत्रा स्क्रूंनी पक्का बसवला आणि मला इंजिनाच्या डोक्यावर चढवलं. ती मोटार एका ताईंनी घेतली. ताई लोकांना गाडी शिकवायच्या. बावीस वर्षं त्यांनी किती घाबरट पायांना क्लच सोडायला शिकवलं, त्याची गणती नाही. तेल बघायला बॉनेट उघडलं, की माझ्यावरूनही फडकं फिरायचं.

मग ताईंनी शिकवणं थांबवलं. गाडी सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. ओलीने माझ्या अंगावर पांढरी पूड धरली, जुना रंग पापुद्र्यांनी सुटला.

एके दिवशी ताईंच्या मनाने घेतलं, गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. इंजिन मेकॅनिकने नवं करून दिलं. मला रंगवायचं काम त्यांच्या धाकट्या भावाने हट्टाने मागून घेतलं.

त्याने मला एका कारखान्यात नेलं. तिथे काचेच्या बारीक दाण्यांचा मारा करून माझी सगळी घाण उडवली. कारागीर म्हणाला, "साहेब, आतला पत्रा काढून धुवा हं. दाणे तिथे दडून बसतात."

"हो हो, माहितीये मला," भाऊ म्हणाला.

कसलं माहितीये! त्याने मला बाहेरून थिनरने पुसलं, ॲल्युमिनियमवर धरणारा प्रायमर मारला, लाल रंगाचे तीन पातळ हात दिले. माझ्या पाठीवरची उठावाची अक्षरं घासून चकचकीत केली. खोटं कशाला बोलू, हात सफाईदार होता. पण आतल्या पत्र्याला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. सगळी गल्ली बघायला आली. "वा, काय चमकतंय!" माझ्या पोटात दाणे खुळखुळत होते आणि मला ओरडता येत नव्हतं.

मला इंजिनावर चढवलं, ताई गाडी चालवू लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात तेलाचा दाब घसरल्याचा लाल दिवा लागला. इंजिनातून ठकठक आवाज यायला लागला. ताईंनी तत्काळ गाडी कडेला घेऊन बंद केली. ओढून घरी आणली, तेव्हा भाऊ चार शेजाऱ्यांसमोर म्हणाला, "रेटलीस ना, ताई? नव्या इंजिनाला असं पळवतात?"

"चाळीसच्या वर गेले नाही रे मी."

"मग काय आपोआप बिघडलं? वय झालं तुझं. आता गाडी सोड."

ताई किल्ली खणात टाकून आत गेल्या. मित्रांनो, दाण्यांचा मारा सोसताना झाला नसेल इतका त्रास मला तेव्हा झाला.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. तेलातून काहीतरी खरखरीत फिरल्याने बेअरिंगांवर ओरखडेच ओरखडे. त्याने मला उलटं करून कागदावर आपटलं. टपटप दाणे पडले.

"हा पत्रा काढून धुतला होता?" त्याने विचारलं.

भाऊ खाली बघत म्हणाला, "बाहेरून पुसलं होतं."

ताईंनी दाणे चिमटीत घेऊन त्याच्यासमोर धरले. आवाज चढवला नाही. "इंजिन दुरुस्त होईल. पण मला बोललास ते चार लोकांत. परतही चार लोकांतच घे."

त्याने घेतलं. कान लालबुंद झाले होते, शब्द अडखळत होते, पण घेतलं. मग पत्रा काढून त्याने मला गरम साबणाच्या पाण्यात तीनदा घासलं, हवा मारली, आणि पांढरं फडकं पोटातून फिरवून ताईंना दाखवलं. ताईंनी ते उजेडात धरलं आणि पुन्हा धुवायला लावलं.

महिन्याभराने ताईंनी इंजिन सुरू केलं. भाऊ शेजारी बसायला आला, तर म्हणाल्या, "मागे बस. आणि मी गाडी कशी चालवते ते नीट बघ."

मित्रांनो, माझ्या रंगाचं कौतुक जरूर करा. पण कुणाच्या माथी दोष मारण्याआधी, एकदा झाकण उघडून आत बघा.